दप्तराच्या खोलीतली घुबडं

आमच्या ईट गावच्या शाळेत मास्तर पाच होतो आणि घुबडं दोन. तरी आम्ही जुने मास्तर आज कुठं भेटलो, की गप्पा निघतात त्या घुबडांच्याच. एकानं एक किस्सा सांगितला, की दुसऱ्याला दोन आठवतात.

उर्दू जाऊन शाळेत मराठी आली तेव्हाचा काळ. शाळेचं जुनं दप्तर, म्हणजे उर्दू रजिस्टरं, मागच्या खोलीत रचून ठेवलेली आणि उंदीर ती मन लावून खायचे. मग त्या खोलीच्या झरोक्यात गव्हाणी घुबडांची जोडी राहायला आली. तिच्यावर सगळ्यात जास्त जीव जोशी सरांचा. ते विज्ञान शिकवायचे. तीन वर्षं टेंपररी होते, आणि दर जूनला कायम होण्याच्या ऑर्डरची वाट बघायचे.

*

घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडावाटे टाकतं. त्या गोळ्या जोशी सर वेचून आणायचे आणि स्टाफरूममध्ये माझ्या डब्याशेजारी कागदावर ठेवायचे. एकदा ड्रॉइंगचे मास्तर वर्गावरून भुकेले आले, एक गोळी उचलली आणि मला म्हणाले, वहिनींनी अळिवाचे लाडू केलेत वाटतं.

तोंडाशी नेली तेवढ्यात जोशी सर ओरडले, "अहो, ती मोजायची राहिलीय!"

मास्तर वाचले, याचा आनंद सरांना वेगळा असा झाला नाही.

*

सहामाहीला सरांनी प्रश्न घातला: माळरानावरील घुबडाचा आहार लिहा. एका पोरानं लिहिलं, "उंदीर, चिचुंद्री, सरडे, विंचू. त्यातलं थोडं ड्रॉइंगचे सर पण खाणार होते."

सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. ड्रॉइंगचे मास्तर आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

त्या उन्हाळ्यात शाळेचा आड आटला. आमचे शिपाई रसूलभाई लांबून घागरी आणायचे आणि आम्ही सगळे त्यांच्यामागं पाणी पाणी करायचो. जोशी सर वर्गात सांगत होते, की वाळवंटात काय आणि आपल्या माळावर काय, घुबडाचं पाण्यावाचून फारसं अडत नाही. उंदराच्या अंगातल्या ओलाव्यावर त्याचं भागतं.

रसूलभाई दारात घागर घेऊन उभे होते. म्हणाले, "सर, हे पैले मास्तर लोकांना शिकवा."

*

आणि मग पाटलांचा किस्सा. पाटील शाळा कमिटीचे अध्यक्ष. झरोक्यात पिल्लं झाल्याचं कळलं, तसे ते तावातावानं आले. शाळेवर घुबड म्हणजे अपशकुन, आजच्या मीटिंगमध्ये ठराव करून पिल्लांसकट घरटं काढायचं म्हणाले. हेडमास्तरांनी मान डोलावली. जोशी सरांचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं.

सर उठले आणि मोठा कागद आणून टेबलावर पसरला. त्यावर गोळ्यांतून निघालेल्या उंदरांच्या कवट्या ओळीनं मांडल्या. म्हणाले, "पाटील, दोन वर्षांमागं थोरल्याच्या दाखल्यासाठी तुम्ही आलात, तेव्हा रजिस्टरात त्याचं पानच सापडलं नव्हतं. आठवतं?"

आठवणारच. त्या पानापायी पाटलांना तालुक्याला पाच खेपा पडल्या होत्या.

"पान खाणारे हे. आणि यांना खाणारी झरोक्यात बसलीत."

पाटलांनी एक कवटी चिमटीत धरली, पुढचे दात निरखून बघितले.

"व्हय की. लई कामाचं पाखरू निघालं हे," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. पर कमिटीच्या वहीत घुबडाचं नाव नगं."

नावाशिवाय ठराव कसा लिहायचा, या विचारानं हेडमास्तर दुपारभर पेन चावत बसले. संध्याकाळी वही सह्यांसाठी फिरली. जोशी सरांनी ठराव वाचला, पुन्हा एकदा वाचला:

"दप्तराच्या रक्षणार्थ मागील खोलीत दोन जागा मंजूर करून, सध्या काम पाहणाऱ्या उभयतांना त्या जागी कायम करण्यात येत आहे."

सरांनी सही केली. मग वही हेडमास्तरांपुढं सरकवत हळूच विचारलं, "सर, यांनी अर्ज कधी केला होता?"