नानांची मान कायम वर का असते

मागच्या मंगळवारी मेहरूणला एका अक्कांच्या घरामागच्या निंबावर चढलो होतो… आणि खाली उभ्या असलेल्या नानांवर जाम वैतागलो होतो.

आमचं काम झाडांची छाटणी. घरावर झुकलेल्या, वाळलेल्या, पोखरलेल्या फांद्या उतरवायच्या. लोक सरळ ‘झाडं तोडणारे’ म्हणतात आणि मी दर वेळी चिडून त्यांना दुरुस्त करतो.

मी वर असतो, नाना खाली दोर धरतात. नाना एरंडोलकडचे, साठी ओलांडलेले. गुडघे गेले म्हणून खाली, नाहीतर अनवाणी, कमरेला काथ्याचा दोर बांधून शेंड्यापर्यंत जाणारा माणूस. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, नाहीतर साल सोलत खोडापर्यंत येते… हे त्यांनीच मला शिकवलं. माझा सुरक्षापट्ट्यांचा हार्नेस बघून मात्र अजून हसतात. "घोडाना साज चढाई उना का, भाऊ?"

तर वैताग कशाचा? एक म्हणजे मी वरून हाक मारली तर नाना पटकन ओ देत नाहीत. दुसरं म्हणजे सतत मान वर करून माझ्याकडे टक लावून बघतात. चार-चार तास! मला वाटायचं, याला अजून माझ्या हातावर भरवसा नाही… हा माझ्या चुका मोजतोय.

खरं सांगतो, मी ठरवून टाकलं होतं. दोरावर दुसरा माणूस घ्यायचा, नानांनी आता घरी आराम करायचा. त्या दिवशी चहाच्या वेळी हे सांगायचं म्हणून मनात वाक्यंही जुळवून ठेवली होती.

अक्कांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर एक जाड फांदी आली होती. तिला दोर बांधला, वरच्या बेचकीतून खाली नानांकडे सोडला. कटर सुरू करणार, तेवढ्यात लक्षात आलं की ज्या बेचकीतून दोर गेलाय तिलाच चीर पडलीय.

"नाना, ढील द्या!" मी ओरडलो. नाना दोर ताणतच राहिले. मध्ये पाल्याचा झुबका होता, मी त्यांना दिसत नव्हतो. पुन्हा ओरडलो, तिसऱ्यांदा ओरडलो… घरातून अक्का बाहेर आल्या, पलीकडच्या गच्चीवरची बाई डोकावली, पण नाना ढिम्म. बेचकी करकरली.

मग नाना दोन पावलं बाजूला सरकले. त्यांना ढील द्यायची खूण करणारा माझा हात दिसला आणि त्याच क्षणी दोर ढिला झाला.

मी खाली उतरलो तो तणतणतच. आता बोलायचंच, म्हणून तोंड उघडणार… तर अक्का चहा घेऊन नानांच्या मागे उभ्या. "नाना, साखरेचा चालतो ना?" त्यांनी दोनदा विचारलं. नाना झाडाकडे बघत उभे. अक्का समोर आल्या, तेव्हा ते हसून म्हणाले, "हा अक्का, चालस."

माझा राग तिथल्या तिथे विरला. मी मागून हळूच "नाना" म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं. शेवटी खांद्यावर हात ठेवला.

त्यांना कळलं की मला कळलंय. कप खाली ठेवत म्हणाले, "दोन वरीस व्हयनात, भाऊ. कान बठ्ठा गयात. तू वर ऱ्हास, दोर मना हातमा… मंग तुनावरथून डोया कसा काढू?" आणि पुढे, "सांगी दिधं तं तू माले घर बसाडशी."

घरी बसवशील, म्हणाले… आणि मी नेमकं तेच करायला निघालो होतो.

मला स्वतःची इतकी लाज वाटली. मी स्वतःसाठी हेल्मेट घेतलं होतं, हार्नेस घेतला होता. हेल्मेटला कान झाकणारे मफ होते, तेही माझ्याच कानांना. खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करत नाना सात वर्षं तेच कानठळ्या बसवणारं कटरचं मशीन उघड्या कानांनी चालवत होते. ते मशीन मीच आणलेलं.

त्या दुपारी आम्ही एक बारीक दोरी घेतली. एक टोक माझ्या पट्ट्याला, दुसरं नानांच्या हातात. मनगटाला बांधायची नाही, नुसती धरायची, हे नानांनीच बजावलं. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ढील, तीन म्हणजे खाली सोड. फांदीचा दोर चांगल्या बेचकीतून घेतला, आणि फांदी अक्कांच्या पत्र्याला न लागता अंगणात उतरली.

डॉक्टरांनाही दाखवलं. गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते जपा, म्हणाले. नानांसाठी मफ आणले तर म्हणतात, "आते कसाले?" पण घालतात. तुमच्याकडे कटर असेल, तर खाली काम करणाऱ्याच्या कानांसाठी आजच घ्या, एवढं माझं ऐका.

काल पिंप्राळ्याला एका चिंचेवर चढत होतो. दहा-बारा फूट गेलो असेन, तर कमरेला हिसका बसला. एक. म्हणजे थांब. खाली बघितलं… नाना मान वर करून, स्वतःच्या मांडीवर थापा मारत होते. माझ्या हार्नेसचा मांडीचा पट्टा उघडाच राहिला होता.

पट्टा लावला. आभारासाठी दोरीची खूण काही आम्ही ठरवलेली नाही, म्हणून त्यांना विचारून इथे लिहितोय. त्यांच्या नातीला सांगितलंय, वाचून दाखवू नकोस… अक्षर मोठं कर, चष्मा दे आणि मोबाईल त्यांच्या हातात ठेव.