साईटवर परत परत येणारा पहिला शनिवार

गेल्या मंगळवारी दुपारी, वाशिमच्या आमच्या ऑफिसात, मी एका माणसाला पकडायच्या तयारीने बसले होते. माणूस समोरच्याच टेबलावर डबा खात होता...

आमचं वेबसाईट बनवायचं छोटं काम आहे. मी, कोडिंग करणारा गजानन, आणि मजकूर-फोटो बघणारी रेश्मा. तिघंही फाईल थेट सर्व्हरवर चढवायचो. कोणी कधी काय बदललं, कशाचा कशाला पत्ता नसायचा.

इथल्याच एका डोळ्यांच्या दवाखान्याची साईट आमच्याकडे आहे. तिथे बाहेरगावचे सर्जन महिन्यातून एकदा येतात. आधी पहिल्या शनिवारी यायचे, या उन्हाळ्यापासून दुसऱ्या शनिवारी येतात. मी गजाननकडून साईटवर तसा बदल करवून घेतला. काही दिवसांनी बघते तर परत 'पहिला शनिवार'! त्याने पुन्हा दुरुस्त केलं, पुन्हा तेच...

तिसऱ्यांदा झालं तेव्हा मेडशीची एक बाई सासूला घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती. सासूचा एक डोळा गेलेला, दुसरा अधू. पुतण्याने मोबाईलवर साईट बघून दिवस सांगितला होता. सर्जन अर्थातच नव्हते. दवाखान्यातून मला फोन आला, तशी मी धावत गेले.

ती बाई भांडली नाही. "सोयाबीनची सोंगणी सोडून आणलं होतं वो यायले," एवढंच म्हणाली. सासू बाकावर बसून माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती... ते बघणं काही केल्या डोक्यातून जाईना.

माझा संशय गजाननवर. दोन महिन्यांपासून तो फोन आला की उठून जिन्यात जायचा. मी जवळ गेले की स्क्रीनवरची खिडकी बंद करायचा. एकदा मला न सांगता दवाखान्याच्या मॅनेजरकडे चहा पिऊन आला, हे रेश्माकडून कळलं. मनात सगळं जुळत गेलं... आमचं नाव खराब करायचं आणि हे काम स्वतःकडे न्यायचं. जऊळक्याहून रोज येणारा, दोन लेकरांचा बाप, चार वर्षांपासून सोबत असलेला माणूस. तरी मला हे पटलं.

तोंडावर विचारायची हिंमत नव्हती. मग ठरवलं, व्हर्जन कंट्रोल लावायचं. त्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते... कोणी केला, कधी केला, कुठली ओळ बदलली. दोघांना सांगितलं की कामाला शिस्त लागेल. खरं कारण पोटातच ठेवलं.

गजाननला फार आनंद झाला. तो हे वर्षभरापासून म्हणत होता, मीच मनावर घेतलं नव्हतं. त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन सगळं बसवलं, रेश्माला शेजारी बसवून शिकवलं. आणि मी मात्र विचार करत होते, एवढा उत्साह कशाला? नोंद चुकवायची वाट आधीच शोधून ठेवली असेल का? म्हणून सगळे अधिकार फक्त माझ्याकडे ठेवले.

एक नियमही केला. बदल पाठवण्याआधी स्क्रीनवर लाल आणि हिरव्या ओळी दिसतात, लाल म्हणजे काढलेलं, हिरवं म्हणजे आलेलं. त्या वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे मीच फळ्यावर लिहिलं.

मंगळवारी दवाखान्यातून मेसेज आला. रविवारी साईटवर परत पहिला शनिवार दिसत होता, आता बरोबर आहे, पण जरा बघा. मला जवळजवळ आनंदच झाला... सापडला!

नोंद उघडली. रविवार, संध्याकाळ. 'होमपेजवरचा फोटो बदलला.' खाली लाल ओळीत दुसरा शनिवार, हिरव्या ओळीत पहिला शनिवार.

नाव माझं.

नोंद पुन्हा वाचली. मग कळलं. सुट्टीच्या दिवशी मी घरच्या लॅपटॉपवर काम करते, आणि तिथे होमपेजची जुनीच फाईल पडून आहे. महिनोन् महिने मी तीच फाईल वर चढवत होते. रविवारीही फोटो बदलून तीच चढवली, लाल-हिरवं न वाचता.

त्याच्या पुढची नोंद सोमवारी सकाळची. 'शनिवार दुरुस्त केला.' नाव गजाननचं.

खरं सांगते, पहिला विचार काय आला माहितीये? अधिकार माझ्याकडे आहेत, ही नोंद खोडता येते. रेश्माने पाहिली नसेल... हात माऊसवर तसाच राहिला. शेवटी उठले आणि दोघांसमोर उभी राहून सांगितलं की शनिवार मीच बिघडवत होते, आणि मी संशय गजाननवर घेतला होता.

गजानन पाणी प्यायला.

"सोमवारीच दिसलं होतं मले, ताई."

मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

"दोन महिन्यांपासून तुमी माह्यावरच नजर ठेवून राह्यल्या. मी सांगतलं असतं तं तुमाले वाटलं असतं, मीच काहीतरी करून तुमचं नाव टाकलं. म्हणून म्हटलं, तुमीच पाहा."

"चुकलं माझं," मी म्हणाले. त्याने डबा बंद केला आणि कामाला लागला.

मेडशीच्या त्या बाईंना मी फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. मधल्या काळात त्या सासूला पुन्हा आणून दाखवून गेल्या होत्या, ऑपरेशन ठरलंय. गजाननला जिन्यात कोणाचे फोन येतात, ते मला आजही माहीत नाही. विचारणारही नाही.

गजाननला ती नोंद रेश्माला दाखवता आली असती, दवाखान्याला सांगता आली असती. त्याने दुरुस्ती केली, आणि मला स्वतःहून उठून सांगायला जागा ठेवली. त्याचे आभार इथे मानतेय... कारण त्या दुपारी तोंडातून फक्त 'चुकलं माझं' एवढंच निघालं.