सुंदरबाईंची पाचर

आमच्या भुसावळच्या चाळीत दोन सख्ख्या जावा राहतात. थोरली सुंदरबाई, धाकटी हेमलता, मध्ये एक भिंत. सुंदरबाईंच्या दुसऱ्या भिंतीला मी. त्यामुळे पुढची हकिकत ऐकीव आहे असं कोणी म्हणू नये. ती भिंतीतून आलेली आहे.

सुंदरबाईंचा आवाज हा काही झाकायचा विषय नाही. त्या सुनेला ‘गॅस बंद कर’ म्हणाल्या की आमच्या घरातलाही बंद होतो. माहेर शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे घरून मारलेली हाक टेकडीवरच्या शेतात पोचावी लागते. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा नवरा जीवराम म्हणाला होता, “अगं, मी समोरच बसलोय.”

पण सुंदरबाईंची पक्की समजूत, की देवाने एवढा गळा दिला तो त्याची स्तुती गायलाच. कोणाला वरून काय काम नेमून दिलंय ते कोणाला सांगता येतं? त्यांना मात्र ठाऊक होतं. आणि ते काम हेमलता करत होती.

हेमलता धुळ्याची. पेटी वाजवते, आवाज असा की साजूक तूप. रविवारी चर्चमध्ये, म्हणजे आमच्या मंडळीत, तिचं गाणं झालं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतं. एकदा सुंदरबाईंच्या माहेरहून फोन आला, “तुमच्या हेमलताचं गाणं ऐकलं बरं का.” मग दिवसभर आमच्याकडे भांडी वाजल्याचा आवाज येत होता, आणि त्यांच्याकडे भांडी तर केव्हाच घासून झाली होती.

शनिवारी पलीकडे पेटी सुरू झाली की अलीकडे सुंदरबाई ठेचा कुटायला बसत. सूर चढला की बत्ता चढे. मी एकदा विचारलं, “अक्का, इतका ठेचा खातं कोण?”

“खात नाही भाऊ, कुटते,” त्या म्हणाल्या.

तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. गायनमंडळात गेल्या. तालीम घेणाऱ्या बाईंनी दोन कडवी सोसली आणि गोड आवाजात म्हणाल्या, “अक्का, तुम्ही नुसते ओठ हलवा.” एक रविवार सुंदरबाईंनी ओठ हलवले. घरी येऊन म्हणाल्या, “नुसते ओठ तर मासाही हलवतो.” मग रविवारच्या शाळेत मुलांना माशाने गिळलेल्या योनाची गोष्ट सांगायला घेतली. मोठा मासा तोंड उघडतो तिथपर्यंत आल्या आणि बालवर्ग रडत आयांकडे पळाला.

त्यानंतर त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. या वेळी आवाज खाली होता, म्हणून मी चेष्टा केली नाही.

“भाऊ, हेमलताला देवाने टोपली भरून दिलं. मला नुसता इंजिनाचा भोंगा. वाटताना माझ्यापाशी येऊन त्याचं संपलं असेल का हो?”

मी चहा सांगितला.

पुढच्या रविवारी एक पाहुणे पाळक उपदेशाला येणार होते आणि हेमलताचं एकटीचं गाणं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी सुंदरबाईंनी जावेकडे मोठ्या प्रेमाने कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवला. ठेच्यात मिरच्या अशा, की मला भिंतीअलीकडे ठसका लागला. हेतू सांगायला नकोच. हेमलताने भाकरी संपवली, वाटी पुसून खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा मोकळी गायली. गाऊन परतताना म्हणाली, “अक्का, ठेच्याने घसा कसा साफ झाला बघा.”

सुंदरबाई त्या दिवशी सगळ्यात मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. तो बाक आमचा. म्हणजे इंजिनांच्या धडधडीत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्यांचा, आणि डुलकी लागते म्हणून माझा. त्या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. समोरचे उठले की उठतात, बसले की बसतात, आणि ‘आमेन’ कोणाचे तरी ओठ बघून म्हणतात. त्यांतले उखर्डूनाना मूळचे पारोळ्याकडचे, सुंदरबाईंसारखीच अहिराणी बोलणारे.

पाहुणे पाळक हळू बोलणारे होते. विषय होता पाचारण, म्हणजे देवाने ज्याला त्याला नाव घेऊन केलेलं बोलावणं. नानांनी सुंदरबाईंना कोपराने ढोसलं. “काय म्हनी ऱ्हायना तो?”

“पाचारण,” सुंदरबाई त्यांच्या मानाने कुजबुजल्या.

“पाचर?” नानांनी कानाशी हात नेला. “कोनी मारी पाचर?”

सुंदरबाईंचा चेहरा पडला. चांगल्या चाललेल्या कामात खोडा घालणं म्हणजे पाचर मारणं, आणि आदल्या संध्याकाळची पाचर अजून बत्त्याला चिकटलेली होती. त्यांना वाटलं, म्हातारा देवाकडूनच विचारतोय.

“पाचर नही नाना, पाचारण,” त्या घाईने म्हणाल्या. “देवनं बलावनं. बठ्ठासले देवनी काम देयेल शे. तुमले बी, माले बी.” म्हणजे सगळ्यांनाच देवाने काम दिलंय, नानांनाही आणि त्यांनाही.

कुजबुज केव्हाच संपली होती. बाकावरची चारही म्हातारी डोकी त्यांच्याकडे वळली. पाळकांचं पुढचं वाक्य आलं, तेही सुंदरबाईंनी अहिराणीत सांगितलं. मग त्याच्या पुढचं. आपण किती मोठ्याने बोलतोय याचं भान त्यांना आलं तेव्हा वेदीजवळ शांतता होती आणि अख्खी मंडळी मागे वळून बघत होती. हेमलताही.

सुंदरबाईंनी पदर तोंडावर धरला. उठून जाणारच होत्या.

“चूप कसी बसनी व बाई?” नाना मोठ्याने म्हणाले. “कितला वरीसमा आज उपदेश कानमा पडना.”

पाळक म्हणाले, “अक्का, बसा. मी एक वाक्य बोलतो आणि थांबतो. तुम्ही ते मागे पोचवा.”

तसा उपदेश झाला, एक वाक्य वेदीवरून, एक मागच्या बाकावरून. मागचं जास्त रंगलं, कारण सुंदरबाई मध्येमध्ये स्वतःचंही घालत होत्या. शेवटी चौघांनी ‘आमेन’ म्हटलं ते कोणाचे ओठ न बघता.

बाहेर आल्यावर नाना काही पाचर सोडायला तयार होईनात. “कुऱ्हाडना दांडामा पाचर नही ते पातं उडी जास,” ते म्हणाले. “तू आमनी पाचर शे.” सुंदरबाईंनी शब्द सुधारला नाही.

तेव्हापासून ती त्यांची जागा. आता आमच्या मंडळीत कोणी ‘देवाने मला कोणतं काम दिलंय कळत नाही’ म्हणालं की दुसरा म्हणतो, “तुझी पाचर सापडायची आहे अजून.” माझी डुलकी तर कायमची गेली.

मागच्या शनिवारी पेटी वाजली आणि बत्ता वाजला नाही, म्हणून मी भिंतीला कान लावला. पेटी थांबवून हेमलता जावेच्या दारात आली होती.

“अक्का, मी इतकी वर्षं गाते, पण त्या बाकाने माझं एकही गाणं ऐकलेलं नाही. नाना गेल्या रविवारी तुम्हालाच हाक मारत होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या गाण्याचे शब्द सांगाल त्यांना?”

सुंदरबाईंनी पाट सरकवल्याचा आवाज आला.

“सांगेन,” त्या म्हणाल्या. “पण जरा सावकाश गा. नाना मागे पडतात.” मग, “थांब, ठेचा घेऊन जा. आज तेल जास्त घातलंय.”

मिरच्या कमी केल्या का, ते त्यांनी सांगितलं नाही. ठसका मात्र मला तेवढाच लागला.