आप्पांच्या खोलीतला रातपाळीवाला

मन्साराम आप्पा भर दुपारी माझ्या टेबलावर वही आदळायचे आणि म्हणायचे, "आयक पोरी. घाबरशील ते सांग. नही घाबरनी ते ही वही फाडी टाकसू."

आणि मी घाबरायची हो! खोटं कशाला सांगू? बाहेर लख्ख ऊन, रिक्षांचा गोंगाट, आणि माझे हातपाय गार.

सुरतेजवळ कडोदऱ्याला आमच्या सोसायटीत निम्म्याहून जास्त घरं खानदेशातली. तळमजल्यावर माझं टायपिंगचं दुकान, फॉर्म, अर्ज, लग्नपत्रिका असलं काम. आप्पा तिसऱ्या मजल्यावर मुला-सुनेकडे राहायचे. अठराव्या वर्षी सुरतेला आले ते चाळीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बिघडलेले माग दुरुस्त करत राहिले. हात थकल्यावर घरी बसले आणि कादंबऱ्या लिहायला लागले. त्याही कसल्या, तर खुनाच्या! घरचे हसायचे. टाइप करायला आणि ऐकायला एकटी मी सापडले होते.

काळ नेहमी एकाहत्तरच्या लढाईचा. काचांना काळे कागद डकवलेले, भोंगा वाजला की सगळं शहर अंधारात आणि धडधडणारं खातं एकदम गप्प. इथं आले की आप्पा वाचता वाचता थांबायचे. "भ्याव आवाजनं नही ऱ्हास," ते म्हणायचे. "आवाज बंद पडना का मंग भ्याव." त्या शांततेत कोणाची तरी चाहूल लागायची, आणि सकाळी खाडीकाठी एक लूमवाला मरून पडलेला सापडायचा. मग इन्स्पेक्टर यायचा.

अशा चार वह्या झाल्या. एकीत खुनी निघाला खात्याचा मास्तर, दुसरीत चहावाला, तिसरीत मुकादम. चौथीत तर डॉक्टर! मेलेल्याचं नाव दर वेळी नवं, पण माणूस तोच.

"आप्पा, एकच माणूस चारदा मेला की हो!" मी म्हटलं.

"खरा खुनी सापडस तोपर्यंत त्याले मरनंच पडी," आप्पा म्हणाले. मला हसू आलं होतं, ते आतल्या आत राहिलं.

टाइप करणाऱ्याला एक गोष्ट कळते, जी ऐकणाऱ्याला कळत नाही. तीच तीच वाक्यं बोटांखालून गेली की काय नाही तेही दिसायला लागतं. त्या काळी लूमवाल्यांच्या खोलीत बारा माणसं आणि सहा अंथरुणं असायची. सहा जण दिवसपाळीला, सहा रातपाळीला. एक उठून कामाला गेला की त्याच्याच अंथरुणावर दुसरा येऊन झोपायचा. आप्पांच्या वहीतला मेलेला माणूस रातपाळीवाला होता. इन्स्पेक्टर सगळ्या गल्लीला सवाल करायचा, कुत्र्यालासुद्धा सोडायचा नाही. पण त्या अंथरुणावर रात्री झोपणाऱ्या दिवसपाळीवाल्याला चारही वह्यांत कधी एक शब्द विचारला नाही.

"तुमचा इन्स्पेक्टर ढ आहे का हो आप्पा?" मी बोलून गेले. "जोडीदाराला आधी विचारायला नको?"

आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या हातातून वही ओढून घेतली आणि निघून गेले. पंधरा दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. जिन्यात दिसले तर मान खाली.

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. ह्यांनीच तर नाही ना मारला? माझ्या पोरीला ह्याच हातांनी शेंगदाण्याचे लाडू भरवलेत. विचार झटकला तरी जाईना. दुपारी जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की मी दुकानाची कडी आतून लावून घ्यायची. लाज वाटायची, पण लावायची.

त्यातच सरहद्दीवरच्या बातम्या सुरू झाल्या. एक दिवस जाहीर झालं, दिवेलागणीला भोंगा वाजेल, तालीम आहे, सगळ्यांनी दिवे घालवायचे. सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर नाही नाही ते मेसेज. अनोळखी माणूस दिसला तर पकडा, हेर शिरलेत. वाचून वाचून सगळ्यांची डोकी तापलेली.

भोंगा वाजला, दिवे गेले. मी दुकानाच्या दारात उभी होते. गेटपाशी एक माणूस मोबाइलचा उजेड पाडून चालत आला आणि कुणीतरी ओरडलं, "ए, कोने इशारो करे छे?" कुणाला खूण करतोय म्हणून. पाच मिनिटांत वीस-पंचवीस जण जमले. "लूम में हूँ भाई, नाइट में," तो माणूस सांगत होता. "आज छुट्टी दे दी. पीछे ही रहता हूँ." कोणी ऐकेना. एकानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्याच्या हातात काठी आली. "इसको कोई पहचानता है क्या?"

कोणीच बोललं नाही. मीही गप्प.

"मैं पहचानता," मागून आवाज आला. आप्पा होते. काठीवाल्याला त्यांनी बाजूला सारलं आणि त्या माणसाचं मनगट धरलं. "मेरे कमरे का है. छोड दो." आवाज कापत होता, पण मनगट सुटलं नाही. त्याला आणून त्यांनी माझ्या खुर्चीवर बसवलं. दिवे येईपर्यंत त्याच्याजवळून हलले नाहीत.

तो गेल्यावर मी विचारलं, "आप्पा, ओळखता त्याला?"

"ह्याले नही वळखत," आप्पा म्हणाले. "त्याले वळखत व्हतू."

मग त्यांनी सांगितलं. लढाईत रातपाळी बंद झाली. दिवसा झोपणारा माणूस संध्याकाळी बिडी ओढायला बाहेर पडला. गल्लीनं त्याचं तोंड कधी पाहिलेलंच नव्हतं, बोलीही परकी. हेर समजून त्याला मारत मारत खोलीच्या दारात आणला आणि विचारलं, हा तुमच्यातला का? खोलीत तेव्हा दिवसपाळीवालेच होते, त्यांनी त्याला डोक्यावरून गोधडी घेऊन झोपलेलाच पाहिला होता, त्यांना खरंच ओळखू आला नाही. आप्पांना आला. कामावरून आल्यावर ते त्याचा पाय हलवून त्याला उठवायचे. उजव्या पायाचा अंगठा मागात सापडून चपटा झालेला. दारात उभ्या असलेल्या माणसाचा तोच अंगठा होता.

"काठ्यावाला मनाकडे देखी राहिंतात," आप्पा म्हणाले. "मी सांगं, नही वळखत. तो रागायना बी नही पोरी. त्याले वाटनं, खरंच वळखं नही." आणि ते रडायला लागले. मी नुसती त्यांचा हात धरून बसले. ज्याला भिऊन कडी लावत होते, तोच हात.

आप्पा गेले त्याच्या महिनाभर आधी पाचवी वही आली. इन्स्पेक्टर खोलीत येतो, अठरा वर्षांच्या मुलाला विचारतो, ह्याला ओळखत होतास? मुलगा म्हणतो, हो. मग त्या रात्री काय सांगितलंस? मुलगा म्हणतो, नाही म्हणून सांगितलं. दीड पानात प्रकरण संपलं. मी टाइप केलं, पान उलटलं. पुढे सगळी वही कोरी.

"आप्पा, खुनी कोण ते लिहायचं राहिलं की," मी म्हटलं.

"लिखी टाकं ना मी, पोरी," आप्पा म्हणाले.