रुमालाखालचे हात

धुळ्याच्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही तिघांनी खेड्यातली चित्रं मांडली, ती महायुद्ध सुरू व्हायच्या आधी. इतकी वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. तिघांत एक शाळेतले ड्रॉइंग मास्तर, दुसरे फोटोंवर रंग चढवणारे, आणि तिसरा मी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. बैलगाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवत मी स्वतःचं दुकान उभं केलं होतं. बैलाची मान माझ्यासारखी आपल्याला जमत नाही, हे ते दोघंही कबूल करायचे.

माझं चित्र चाळीसगावच्या बैलबाजाराचं होतं. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसलेले, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. पटलं, की सबंध पंजा धरून हलवायचा. मग माघार नाही.

वाचनालयाचे चिटणीस वकील होते. त्यांनी चित्र पाहिलं आणि मास्तरांना म्हणाले, "हात काढता येत नाहीत, म्हणून झाकले वाटतं." चित्र दाराच्या मागे टांगलं गेलं. जिन्याखालच्या फलकासाठी त्यांनी मजकूर दिला. त्या दोघांच्या नावापुढे 'चित्रकार', माझ्या नावापुढे 'पाट्या रंगवणारे'. तो फलक रंगवायचा होता मीच, तोही फुकट. मी भांडलो. एवढा आवाज चढवला, की खाली वर्तमानपत्र वाचणारे उठून वर आले. चिटणीस ऐकेनात. शेवटी मी म्हटलं, रंगवतो, पण प्रदर्शन बाजाराच्या दिवशी उघडं ठेवा. फुकटात फलक मिळतोय म्हणून त्यांनी मान डोलावली. माझ्या हाताने मी ते शब्द लिहिले. अक्षर सुरेख आलं, याचाच जास्त संताप आला.

बाजाराच्या दिवशी मी ओळखीच्या गाडीवाल्यांना सांगून ठेवलं होतं. दुपारी जिना भरला. मंडळी मास्तरांच्या पाणवठ्याच्या चित्रापुढून, फोटोवाल्यांच्या विहिरीवरच्या मोटेपुढून गेली आणि दारामागे येऊन थांबली. चिटणीसही आले. भडगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यांनी हसत विचारलं, "आबा, यात काय दिसतं? हात तर नाहीतच."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घेनारानी मूठ ढिली करी," ते म्हणाले. "इकनारा आते अडी बसेल शे. त्याना खांदा देखा."

दुसरा म्हणाला, कसला अडून बसतोय, विकणाराच भावात उतरेल, घरी चारा संपलाय, तोंडावर दिसतंय. लगेच दोन तट पडले. रुमालाखाली कोणाचं कोणतं बोट दाबलेलं आहे, यावर अर्धा तास वाद चालला. बाकी भिंती ओस पडल्या.

तेव्हा चिटणीस मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, चित्र मधल्या भिंतीवर घेऊ. मी म्हटलं, भिंत नको, शब्द बदला. ते म्हणाले, बघू पुढे. हे 'बघू' मी आयुष्यभर गिऱ्हाइकांकडून ऐकलं आहे. मी खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर टाकला आणि सगळ्यांसमोर हात पुढे केला. मोठ्याने म्हणालो, "फलकावर 'चित्रकार' लिहायचं. बोला."

त्यांना वाटलं, रागावलेला माणूस नमतं घेतोय. बोट दाबायचं सोडून त्यांनी रुमालाखाली माझा सबंध पंजा धरला आणि साहेबासारखा दोनदा हलवला.

"सौदा व्हई गया, भाऊ," आबा म्हणाले.

ब्रश आणि रंगाचा डबा मी सकाळपासून जिन्याखाली ठेवला होता. मी खाली गेलो, ते दोन शब्द पुसले आणि 'चित्रकार' लिहिलं, बाकी दोघांपेक्षा जरा ठळक. चिटणीस मागून आले, मी असं काही कबूल केलं नाही म्हणाले. जिन्यावर वीसेक साक्षीदार उभे होते. वकील माणूस, त्यांच्याकडे एकदा बघून वर निघून गेले.

पण तोंडाने तो शब्द त्यांनी मला कधी म्हटला नाही. माझा राग आहे तो तेवढाच.