सहा जागांची जीप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झालो की मी मध्ये थांबणारा नाही. एकदा तरी जंगल पाहावं, असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझे कान गरम होतात. मी गेलो होतो ना जंगल पाहायला! गाइडसह, जीपमधून, रीतसर पैसे भरून. वाघ काही दिसला नाही. मला पाहून मात्र तीन गावं रिकामी झाली.

साल शहात्तर. साल तेवढं लक्षात ठेवा. मी ते विसरलो आणि तिथेच माती खाल्ली.

तेव्हा मी नागपुरात एका सरकारी कचेरीत ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेला नकाशा पातळ कागदावर जसाच्या तसा गिरवणारा माणूस. चौदा वर्षं मी जंगलं गिरवली. नाले, टेकड्या, गावं, सगळं. त्यात एक तुटक तुटक दुहेरी रेघ असायची. तिचा अर्थ, इथून फक्त बैलगाडी जाईल, नाहीतर जीप. असल्या रेघा मी एवढ्या मारल्या की एकीला एक जोडली तर दिल्लीपर्यंत पोचल्या असत्या. आणि मी स्वतः? कधी जवळच्या कळमेश्वरच्या पुढे गेलो नव्हतो.

राहायला महाल भागात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. वय एक्केचाळीस. लग्न नाही, आई गेलेली, बहीण भोपाळला, जेवण खानावळीत. खोलीत माझ्याशी बोलणारा एकच होता, माझा ट्रांझिस्टर. बातम्या, हवामान, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, मी सगळं ऐकायचो. तुरीवरच्या अळीला कोणतं औषध मारावं ते मला तोंडपाठ होतं. शेत नव्हतं, एवढंच.

एक दिवस आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबूभाऊंच्या सायकल दुकानावर पाटी लागली. 'जीपने जंगल सफर. गाइडसह. माणशी तीस रुपये.' मी तिथेच थबकलो. माझ्या तुटक रेघेवरून कोणीतरी मला खरोखर नेणार होतं!

बाबूभाऊंनी हिशेब समजावला. जीप सहा जणांची. सहा भरले तर माणशी तीस, नाही भरले तर अख्ख्या जीपचे एकशे ऐंशी. एक बसला काय अन् सहा बसले काय, गाडी पेट्रोल तेवढंच पिते.

मग काय, मी कचेरीत पाच जणांना विचारलं. एकाचे सासरे येणार होते, एकाच्या मुलाची परीक्षा, एकाला जीपने पाठ धरते. उरलेल्या दोघांनी 'पाहू' म्हटलं. आपल्याकडे 'पाहू' म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मी तोवर टेबलाटेबलावर सांगून बसलो होतो की आमचा सहा जणांचा ग्रुप ठरलाय. बाबूभाऊंनीच मार्ग काढला. त्यांच्याकडे पाच माणसांचं एक कुटुंब होतं, त्यात मी सहावा. त्या कुटुंबाशी मी मनातल्या मनात ओळखही करून घेतली. मुलांसाठी म्हणून अर्धा किलो चिवडा घेतला.

रविवारी सकाळी पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. खांद्याला काळी रेक्झिनची बॅग, तिच्यात थर्मास. गळ्यात ट्रांझिस्टर. जाऊन पाहतो तर जीप उभी आणि शेजारी एकटे बाबूभाऊ. कुटुंबातल्या धाकट्याला गालफुगी झाली होती. बाबूभाऊ भला माणूस, म्हणाले पुढच्या रविवारी या. पण सोमवारी कचेरीत काय सांगणार होतो? मोजले एकशे ऐंशी. जवळपास अर्धा पगार गेला.

खरं सांगू? पैशाचं एवढं वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. समजा, वाघ दिसला. मग 'ते पाहा' असं म्हणायचं कोणाला? माणूस फिरायला जातो कशासाठी? कोणाचा तरी दंड धरून 'ते पाहा' म्हणायला! नुसतं पाहायचंच असतं तर नकाशा काय वाईट होता?

ड्रायव्हर झिबलजी, पन्नाशीचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. गाइडही तोच. कळमेश्वर मागे पडलं, डांबर संपलं, जीप दगडधोंड्यांवरून उड्या मारायला लागली. मागच्या रिकाम्या सीटा अशा खडखडत होत्या की जणू माझीच टवाळी चालली होती. तेवढ्यात एक भलामोठा रोही, म्हणजे नीलगायीचा नर, आडवा गेला. माझ्या तोंडून निघालंच, "झिबलजी, ते पाहा!"

झिबलजींनी मानसुद्धा वळवली नाही. "रोही हाय जी. रोजच राह्यते तो तिथं."

झालं. ज्याने रोजच पाहिलंय त्याला काय दाखवणार? आणि तिथे मला ती अक्कल सुचली. पाच जागा रिकाम्या, पैसे भरलेले, वाटेत गावं. कोणालातरी बसवून घेऊ! जीपमध्ये फुकट फिरायला कोण नाही म्हणेल?

पहिल्या गावात कडुनिंबाखाली पाचसात जण बिड्या ओढत बसले होते. झिबलजींना जीपमध्येच ठेवून मी एकटा उतरलो. हातात वही-पेन्सिल, कारण गावाची नावं आमच्या नकाशाशी ताडून पाहायची होती. हसत हसत त्यांच्यात जाऊन बसलो. आता अनोळखी माणसाशी आपण बोलणं कशाने काढतो? नाव, गाव, मुलंबाळं. मीही तेच केलं. नाव विचारलं, तो म्हणाला वसंता. मुलं किती विचारलं. "चार," तो म्हणाला आणि त्याची बिडी विझली. पलीकडच्याला विचारलं, तर तो आधी वसंताकडे, मग माझ्या वहीकडे पाहून म्हणाला, "आठवत नाई जी."

मी म्हटलं, लाजताहेत बिचारे. म्हणून अगदी गोड आवाजात म्हणालो, "चला ना जीपमध्ये. पैसे काही लागत नाहीत. नुसतं बसायचं. काही त्रास होणार नाही, संध्याकाळच्या आत घरी आणून सोडतो."

वसंता उठला. "बैल सुटला वाटते माहा," म्हणाला आणि गेला. दुसऱ्याचाही बैल सुटला. तिसऱ्याला विहिरीवर काम निघालं. दोन मिनिटांत कडुनिंबाखाली बिड्यांचा धूर आणि एक चपलांचा जोड तेवढा उरला. गावात एकाच वेळी एवढे बैल कसे सुटतात, याचं मला नवल वाटलं.

आम्ही निघायच्या आधी एक सायकलवाला जीव तोडून पुढे गेला. मी त्याला हात केला. त्याने आणखी जोरात पायडल मारलं.

दुसऱ्या गावात तर पुरुष म्हणून दिसेना. एक बाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं, गावातली मंडळी कुठे गेली? मुलांना आत ढकलून तिने दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "समदे लगनाले गेले जी." आता पौष चाललेला. पौषात कसलं आलंय लग्न? पण माझ्या डोक्यात तेही आलं नाही. लग्न हा माझा विषयच नव्हता.

तिथे मात्र मला मनापासून वाईट वाटलं. शहरात कोणी सोबत आलं नाही म्हणून गावाकडे आलो, तर गावच उठून गेलं. चिवड्याचा पुडा ओसरीवर ठेवला आणि मुकाट जीपमध्ये बसलो. ट्रांझिस्टर लावला, तर डोंगराच्या आडोशाने तोही खरखरायला लागला.

तिसरं गाव लागलं. तेही सुनं. पण पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. सत्तरीच्या पुढचा, वाळकासा. जीप पाहून तो पळाला नाही. उलट काठी टेकत स्वतःच जवळ आला आणि म्हणाला, "मी येतो जी. दौलत म्हन्ते मले."

काय आनंद झाला म्हणून सांगू! हात धरून वर घेतलं, थर्मासमधला चहा दिला, बाबा म्हणायला लागलो. जीप निघाली. दौलतबाबांचं मात्र जंगलाकडे लक्षच नव्हतं. ते टक लावून माझ्या गळ्याकडे पाहत होते.

शेवटी म्हणाले, "हा रेडू आधी देता का मागून?"

"मागून म्हणजे?"

"आपरेशन झाल्यावर."

"कसलं ऑपरेशन, बाबा?"

"नसबंदीचं जी."

चहा माझ्या पांढऱ्या पँटवर सांडला. आणि डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आणीबाणीचं शहात्तर साल! गावोगाव जीपा जात होत्या, पुरुषांना बसवून नेत होत्या आणि ऑपरेशन उरकून, हातात ट्रांझिस्टर देऊन परत सोडत होत्या. आणि मी काय केलं होतं? पांढरे कपडे, काळी बॅग, वही-पेन्सिल, गळ्यात ट्रांझिस्टर, 'मुलं किती' आणि वर 'काही त्रास होणार नाही'!

तुम्ही म्हणाल, एवढं तुम्हाला ठाऊक नव्हतं? होतं की! आमच्या कचेरीतही ऑपरेशनला पाठवायच्या माणसांची यादी झाली होती. तिचे रकाने मीच आखून दिले होते, शाईने, सुबक. पण तिच्यात माझं नाव नव्हतं. कोणाच्या लग्नाच्या, बारशाच्या यादीतही ते नसायचं, तसंच. जे आपल्या दारावरून कधी गेलंच नाही, ते ध्यानात राहत नाही हो.

मी झिबलजींवर घसरलो. तुम्ही तरी सांगायचं होतं! ते शांतपणे खर्रा थुंकून म्हणाले, "मले काय मालूम? एकटा मानूस वाघ पाहाले एकशेऐंशी रुपये देते का? मले वाटलं सरकारी पैसा हाय."

मग मी दौलतबाबांना विचारलं, या वयात तुम्हाला हे कशाला हवंय?

"वय तुमी पन्नास लिवा," ते म्हणाले. "बुढी मेली त्याले दोन वर्सं झाली. पोरगा भिलाईले. दिवसभर घरात आवाज नाई जी. मानसाचा आवाज पायजे नं घरात? म्हून म्हटलं, कापाचं ते कापा, पन रेडू द्या."

एवढं होईस्तोवर मला हसू येत होतं. ते थांबलं. मी गळ्यातला पट्टा काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. म्हटलं, बाबा, हा तुमचा. काही कापायचं नाही.

त्यांचा विश्वास बसेना. म्हणून सगळं सांगत बसलो, पाटीपासून गालफुगीपर्यंत. त्यांनी विचारलं, मग बायकोपोरांना का नाही आणलं? मी म्हटलं, लग्नच झालं नाही. दौलतबाबांनी मान हलवली आणि ट्रांझिस्टरचा आवाज थोडा वाढवला.

दुपार कलली होती. परतीच्या वाटेवर एका मोहाच्या झाडावर मला काहीतरी काळंकाळं दिसलं. हललंही! मी दौलतबाबांचा दंड धरला आणि जन्मात पहिल्यांदा पोटातून ओरडलो, "बाबा, ते पाहा! अस्वल!"

झिबलजींनी ब्रेक मारला. दौलतबाबांनी कपाळावर हात धरून नीट न्याहाळलं. "अस्वल नाई जी. तो तं खालच्या गावचा वसंता होय."

खरंच वसंता होता. घोंगडी पांघरून बसलेला, पाय अनवाणी. त्याच्या वरच्या फांद्यांवर आणखी चार. सकाळपासून चढून बसले होते!

दौलतबाबांनी हाक मारली, उतरा रे, भ्यायचं कारण नाही. वसंता वरूनच म्हणाला, "बाबा, तुमच्या गळ्यात रेडू हाय. तुमचं उरकलं का?"

आता यावर मी काय खुलासा करणार? पण दौलतबाबा जीपमध्ये उभे राहिले आणि काठी माझ्याकडे करून म्हणाले, "अरे, याचं लगनच नाई झालं. संगं याले कोनी नाई म्हून पोट्टा गावोगाव मानसं शोधून राहिला. ज्याच्या जीपमंदी बसाले घरचा एक मानूस नाई, तो तुमाले काय करते?"

पाचही जणांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आणि मग एकेक करून खाली उतरले. वाघाच्या भीतीने माणसं झाडावर चढतात, हे मी ऐकून होतो. माझी कीव येऊन माणसं झाडावरून उतरली, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

सगळे जीपमध्ये बसले. पाच ते आणि सहावे दौलतबाबा. जीप भरली! सहा जागांचे पैसे भरलेला मी मागच्या पायरीवर, दांडी धरून उभा. वाटेत काय काय दिसलं असेल देव जाणे. सहाही जण मला 'ते पाहा जी, ते पाहा' म्हणून दाखवत होते आणि मला त्यांच्या सहा पाठी दिसत होत्या. पण एक सांगतो, इतका सुखाचा प्रवास मी पुन्हा केला नाही.

पुढचे आठ दिवस खोलीत आवाज नव्हता. सवयीने फळीकडे हात जायचा आणि रिकामा परत यायचा. पगार झाला तसा तडक सीताबर्डीवर गेलो. दुकानदाराला म्हटलं, ट्रांझिस्टर दाखवा, आवाज मोठा असलेला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"विकत काहून घेता जी?" तो म्हणाला. "आजकाल फुकट भेटून राहिला." मग पावतीपुस्तक पुढे ओढलं, पेन्सिल उचलली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "लेकरं किती हायेत तुमाले?"

मी त्या पेन्सिलीकडे पाहिलं. म्हटलं, "बैल सुटला वाटतं माझा." आणि पायऱ्या उतरून जो पळालो तो थेट महालात येऊन थांबलो.