कार्ल्याच्या दवाखान्यातला पहिला नकार

लोणावळ्याला माणसे हवापालटासाठी जातात. मी गेले ती दवाखाने तपासायला. नव्या औषधांचे अभ्यास बहुधा मोठ्या रुग्णालयांत होतात. ते फॅमिली डॉक्टरांकडेही व्हावेत, म्हणून छोट्या दवाखान्यांची तयारी करून घेणे आणि योग्य वाटल्यास त्यांची शिफारस करणे, हे माझे काम. मला ते इतके प्रिय आहे की सहप्रवाशाने नुसते ‘कुठे निघालात?’ विचारले, तरी मी औषधे साठवण्याच्या तापमानापासून सुरुवात करते. घोरावाडी स्टेशन येईपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती.

मावळ पाहायचा असेल तर भातकापणीच्या दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारी, पुणे–लोणावळा लोकलने जावे. तिकीट चहाच्या भावात पडते आणि खिडकी मिळते. घोरावाडीहून मी रिक्षाने नवलाख उंबऱ्याला गेले. भाडे आधीच ठरवावे, परतीचे धरून. कारखान्यांची पाळी सुटताना तो रस्ता कंपनीच्या बसगाड्यांचा असतो. आपण मुकाट्याने कडेला थांबायचे. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फ्रीज पाहिला. औषधांच्या खालच्या कप्प्यात इडलीचे पीठ होते.

“कालपासून फुगलेलं नाही, मॅडम,” त्या अभिमानाने म्हणाल्या. “बघा, केवढा गार आहे फ्रीज!”

अभ्यासाच्या औषधाला एकटेच राहावे लागते, हे मी सविस्तर समजावले. पीठ घरी गेले.

मुक्काम लोणावळ्यात केला. सुट्ट्या नसल्या की खोल्यांचे दर माणसात येतात. दुसऱ्या सकाळी मळवलीला उतरून, पुलावरून नदी ओलांडून कार्ल्यापर्यंत चालत गेले. दोन्ही बाजूंना पिकलेले भात, कापलेल्या पेंढ्यांचा वास आणि हमरस्त्यालगतच्या टपरीवर तेलातून नुकती निघालेली कांदाभजी. ही वाट रिक्षाने करू नये.

कार्ल्याचे डॉ. साळवे माझी वाटच पाहत होते. “आमची माणसं चिखलात राबतात, भात खातात, औषधं मात्र दुसऱ्यांवर तपासलेली घेतात,” ते म्हणाले. रक्तदाबाच्या नव्या गोळीचा अभ्यास आपल्या दवाखान्यात यावा, ही त्यांची जुनी इच्छा होती आणि ती माझ्या शिफारशीवर अडली होती. “तयारी पूर्ण आहे. बाकावरच्या सगळ्या रुग्णांचा होकार घेऊन ठेवलाय.”

“कशाला होकार?”

“ते तुम्ही आता सांगालच ना!”

मी बाकाकडे वळले. टोकाला बसलेल्या नामदेव आबांना विचारले, “आबा, तुम्ही हो का म्हणालात?”

“डॉक्टर म्हनले, हो म्हना. म्हनलो.”

“आणि नको वाटलं तर?”

“नको वाटायचं आसंल तर तेबी डॉक्टर सांगतील की.”

रुग्णाला नकार देता येत नसेल, तर त्याच्या होकाराला काही अर्थ नसतो आणि अशा दवाखान्याची शिफारस मला करता येत नाही. हे मी डॉक्टरांना सांगितले. त्यांचा चेहरा पडला. मग एकदम उजळला.

“आबा, नाही म्हणा बरं!”

“न्हाई, डॉक्टर.”

“मॅडम, झालं?”

मी नकारार्थी मान हलवली. मग बाकासमोर खुर्ची ओढून सगळे पहिल्यापासून समजावले: गोळ्या दोन, एक नेहमीची, एक नवी, तपासणीला वरचेवर यावे लागेल आणि कुणाला कुठली मिळाली, हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

“डॉक्टरलाबी ठावं न्हाई?” गुडघा चोळत बसलेल्या शेवंतामावशी कडाडल्या. “मग ह्यो हितं बसून करनार काय?”

बाक हसला. डॉक्टरांनी घाम पुसला. गावासमोर ‘मला माहीत नाही’ म्हणणे त्यांना फार जड जात होते, तरी म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. “मी न्हाई म्हनलं, तर माझी रोजची गोळी बंद करशीला?”

“नाही मावशी. गोळी तीच, दार हेच. रागावणारसुद्धा नाही.”

“मंग न्हाई. आमची कापनी चाललीया, मला हेलपाटं जमायचं न्हाईत.”

पाठोपाठ आणखी तिघांनी होकार मागे घेतला. डॉक्टर हताश होऊन ओसरत्या बाकाकडे पाहत होते आणि मी आनंदाने त्यांचा हात हातात घेऊन हलवत होते.

शिफारस मी घरी पोहोचताच पाठवली. लोणावळ्याहून आणलेली चिक्की दोन दिवसांत संपली, भाताचा वास ओढणीतून धुतला गेला. मावळातून मी नेमके काय आणले, याचा विचार करत होते, तेवढ्यात डॉ. साळव्यांचा फोन आला.

“मॅडम, अभ्यास सुरू व्हायच्या आतच माझं जेवण साडेतीनवर गेलंय! आता खोकल्याच्या औषधालाही विचारतात, हे कशाला, आणि नको म्हटलं तर?”

“मग शिफारस मागे घेऊ?”

“छे, छे!” ते म्हणाले. “आबा आले होते. म्हणाले, ‘ती बीपीची गोळी म्या कवाच सोडली, चक्कर यायची. तुमी, गोळी घेता का, विचारायचा, तवा आपलं हो म्हनायचो.’”

“मग?”

“मग दुसरी लिहून दिली. आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, आबा, ही घ्याल का?”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘बगतो.’”